मेंदूचा फोटो काढला, पुढे काय?



मृगाच्या चार दिवस आधीची गोष्ट. मालेगाव तालुक्यातल्या एका गावी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक होते. मारुतीच्या पारावर पंचवीस-तीस मंडळी जमली होती. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवणशक्ती कशी तपासावी, बियाण्याला रायझोबियम कसे चोळावे, हे सारे दाखवून झाले. चहा झाला, मंडळी पांगली. एक तरुण शेतकरी मात्र पाराच्या कडेला बसूनच राहिला. मी पिशवी आवरायला लागलो तसा तो जवळ आला.

"साहेब, शेतीचं सोडून एक इचारू काय?"

"विचार की भाऊ."

त्याचा मुलगा दोन वर्षांचा. आठव्या महिन्यातच जन्मला. वजन कमी भरले म्हणून बरेच दिवस काचेच्या पेटीत होता. इतर मुले घरभर धावू लागली तरी हा हात टेकून जेमतेम बसतो. उभा धरला की पाय ताठ होतात आणि कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. दवाखान्यात सेरेब्रल पाल्सी सांगितली आणि मेंदूचा एमआरआय फोटो काढायला सांगितला. पुढे शहरातल्या एका माणसाने त्याला गाठले. फोटो घेऊन या, मग नव्या पेशींची इंजेक्शने देऊ, पोरगा चालायला लागेल, खर्च लाखांत येईल, असे त्याने सांगून ठेवले होते.

"नाल्याकडचा एक एकर इकला त काम भागन, साहेब. पण फोटो काढल्यावर पोरगं चालन ना?"

त्याच्याबरोबर मी घरी गेलो. ओसरीत त्याची बायको मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. आतून म्हातारीचा आवाज आला, "गिऱ्हानात सुनेनं इळा हाती धरला, त्याचं हे फळ." सून मान खाली घालून बसली होती. ती एक शब्द बोलली नाही.

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. एवढेच म्हणालो की एकराचा सौदा आठ दिवस थांबव. मग ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना विचारले, व्यायामोपचार करणाऱ्या ताईंना विचारले, मिळेल ते वाचले. जे कळले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. असे मूल तुमच्या घरी नसेल, पण गावात कुणाच्या तरी घरी असण्याचा संभव आहे. जगभरच्या मोजणीत दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन मुलांना हा त्रास असतो असे आढळले आहे.

दोष पायात नसतो

सेरेब्रल पाल्सीला मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात. नाव ऐकून घाबरायला होते, म्हणून आधी त्याचा अर्थ समजून घेऊ. मूल पोटात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा होते. त्यामुळे हालचाल आणि तोल यांवरचा ताबा बिघडतो. पाय दिसायला वाकडे दिसतात, पण मूळ बिघाड पायात नसून पायाला हुकूम देणाऱ्या मेंदूत असतो. लंडनचे डॉ. विल्यम लिटल यांनी १८६१ साली अशा मुलांविषयी डॉक्टरांपुढे व्याख्यान दिले आणि अवघड बाळंतपणाशी त्याचा संबंध जोडला. त्यामुळे पुष्कळ वर्षे याला लिटलचा आजार म्हणत.

हा आजार संसर्गाचा नाही. मेंदूतली इजा पुढे वाढत जात नाही. पण लक्ष दिले नाही तर ताठ स्नायू आखडतात, सांधे वाकतात आणि मूल वाढते तशी अडचण वाढते. बुद्धीचे म्हणाल तर काही मुलांना शिकायला अवघड जाते, पण पुष्कळांची बुद्धी चांगली असते. बोलता येत नाही म्हणून मुलाला समजत नाही, असे कधी धरून चालू नका.

कारणे अनेक आहेत. दिवस भरण्याआधी जन्म होणे, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, जन्मानंतरची कावीळ डोक्यात जाणे, मेंदूज्वर, गर्भारपणातील काही संसर्ग. काही वेळा नेमके कारण सापडतही नाही. या यादीत ग्रहण नाही, विळा नाही, सुईदोराही नाही. हे एवढे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना मुद्दाम वाचून दाखवा.

मेंदूपासून पायापर्यंतचा पाट

आता त्या फोटोकडे वळू. आपण पाय उचलायचा ठरवला की मेंदूच्या वरच्या थरातून हुकूम सुटतो. तो बारीक तंतूंच्या जुडीतून खाली उतरतो, पाठीच्या कण्यातल्या मेरुरज्जूत जातो आणि तिथून दुसऱ्या तंतूंवाटे स्नायूपर्यंत पोचतो. मेंदूच्या प्रत्येक बाजूला या मुख्य जुडीत सुमारे दहा लाख तंतू असतात. मेंदूच्या बुडाशी, मानेच्या थोडे वर, यातले बहुतेक तंतू बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा हात-पाय लुळा किंवा ताठ होतो.

धरणाचा मुख्य कालवा, त्याच्या वितरिका, मग शेतचाऱ्या, तशी ही रचना समजा. शेवटच्या वावरात पाणी पोचले नाही तर आपण वावराला दोष देत नाही, कालवा कुठे फुटला ते पाहतो. मुलाचा पाय हे शेवटचे वावर आहे.

मेंदूच्या मध्यभागी पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. पायाकडे जाणारे तंतू या पोकळ्यांच्या अगदी जवळून उतरतात, हाताचे आणि चेहऱ्याचे तंतू थोडे लांबून जातात. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात नेमका पोकळ्यांभोवतीचा भाग नाजूक असतो. तिथे इजा झाली की पहिला फटका पायांना बसतो. आठव्या महिन्यातल्या बाळाचे हात बरे चालतात आणि पाय कात्रीसारखे होतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

हा फोटो निघतो कसा?

एमआरआय यंत्रात मोठे लोहचुंबक असते. आपल्या शरीरात पाणी भरपूर. त्या पाण्यातले हायड्रोजनचे कण चुंबकाच्या जोराने एका रांगेत येतात. मग रेडिओच्या लहरी सोडून त्यांना हलवतात आणि ते पुन्हा जागेवर येताना जो संदेश देतात त्यावरून यंत्र चित्र तयार करते. यात क्ष-किरण नसतात. या शोधासाठी अमेरिकेचे पॉल लॉटरबर आणि इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

साध्या एमआरआयमध्ये मेंदूला जखम कुठे झाली आणि किती, हे दिसते. पण तंतूंची वाट कुठून कुठे गेली, हे त्यात स्पष्ट दिसत नाही. त्यासाठी १९९४ साली अमेरिकेत पीटर बासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवी रीत मांडली. तिला डिफ्यूजन टेन्सर इमेजिंग म्हणतात, थोडक्यात डीटीआय.

नाव अवघड आहे, युक्ती मात्र शेतकऱ्याला लगेच कळेल अशी आहे. सपाट वावरात घागरभर पाणी ओतले तर ते चारी बाजूंना पसरते. तेच पाणी सरीत ओतले तर सरीच्या लांबीने धावते, वरंब्यावर चढत नाही. मेंदूतल्या तंतूंच्या जुड्या म्हणजे शेजारी शेजारी पाडलेल्या सऱ्या. त्यांच्यातले पाण्याचे सूक्ष्म कण तंतूच्या दिशेने सहज सरकतात, आडवे जायला त्यांना अडथळा होतो. पाणी कोणत्या जागी कोणत्या दिशेने जास्त सरकते हे यंत्र मोजते आणि त्यावरून सऱ्या कशा गेल्या असतील याचा नकाशा संगणक काढतो. सरी मोडली असेल तर तिथे पाणी इतस्ततः पसरते, आणि तेही मोजणीत उतरते.

रंगीत धाग्यांसारखी सुरेख चित्रे यातून तयार होतात. पण ध्यानात ठेवा, ते तंतूंचे प्रत्यक्ष छायाचित्र नसते. तो हिशेबाने काढलेला नकाशा असतो. मूल जरा हलले तरी हिशेब चुकू शकतो.

या फोटोंनी काय शिकवले?

लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील मेरी रदरफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जन्मताना गुदमरलेल्या, पण पूर्ण दिवसांच्या बाळांचे एमआरआय तपासले. मेंदूत खोलवर एक चिंचोळी खिंड आहे. हालचालीचे सारे तंतू तिथे दाटीने एकत्र येऊन खाली उतरतात. पूर्ण दिवसांच्या बाळात या खिंडीत तंतूंवरचे वेष्टन तयार होऊ लागल्याची खूण दिसायला हवी. ज्या बाळांत ती खूण बिघडलेली होती, त्यांना पुढे हालचालीचा त्रास होण्याचा धोका बराच जास्त असल्याचे आढळले. म्हणजे मूल रांगायच्या वयाचे होण्याआधीच डॉक्टरांना सावध होता येऊ लागले.

पुढे २००२ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉ. अ‍ॅलेक हून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिवस भरण्याआधी जन्मलेल्या दोन मुलांचे मार्ग डीटीआयने पाहिले. सर्वांना वाटत होते की हुकूम खाली नेणारा मार्ग तुटलेला दिसेल. पण स्पर्शाची जाणीव वर मेंदूकडे आणणाऱ्या मार्गाचे नुकसान अधिक ठळक दिसले. पाय जमिनीला कसा लागला, भार कोणत्या बाजूला गेला, ही बातमीच मेंदूला नीट पोचत नसेल तर हुकूम तरी नीट कसा सुटणार? म्हणून नुसते पाय ताणून भागत नाही. मुलाच्या तळव्याला मातीचा, वाळूचा, ओल्या गवताचा स्पर्श घडवणे, त्याला भार घेऊन उभे करणे, हेही उपचाराचेच भाग आहेत.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. लखनौच्या संशोधकांनी २००८ साली अशा मोजक्या मुलांना स्नायू सैल करणारे इंजेक्शन आणि व्यायाम दिले आणि सहा महिन्यांनी पुन्हा डीटीआय केले. काही मार्गांच्या मोजणीत फरक पडलेला आढळला. मुले थोडी होती, त्यामुळे यावरून मोठे अनुमान काढू नये. पण वाढता मेंदू सरावाने बदलू शकतो, या समजुतीला त्यातून पुष्टी मिळाली.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. नवजात बाळाच्या मेंदूची प्रत्येक बाजू दोन्ही बाजूंच्या हातांकडे तंतू पाठवते. पुढच्या महिन्यांत बाजू बदलून गेलेले तंतू जोर धरतात आणि त्याच बाजूचे बरेचसे मागे हटतात. इंग्लंडच्या न्यूकॅसल येथील जॅनेट आयर यांनी हे दाखवून दिले. त्यासाठी त्यांनी डोक्यावर चुंबकाचा हलका ठोका देऊन स्नायूपर्यंत संदेश पोचतो का, हे पाहण्याची रीत वापरली. ही रीत १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी काढली होती. एका बाजूला इजा झाली तर तिचे तंतू या स्पर्धेत मागे पडतात. कपाशीला एका जागी दोन रोपे राहिली की जोमदार रोप अन्न ओढून घेते आणि दुसरे खुरटते, तसेच हे आहे. जो हात वापरात येत नाही त्याची वाट पुसत जाते. म्हणून दुबळ्या हाताला लवकर कामाला लावायचे असते.

फोटो काय सांगत नाही?

आता त्या तरुण बापाच्या प्रश्नाकडे येऊ. फोटो काढल्यावर पोरगं चालेल ना?

फोटो हा उपचार नाही. माती परीक्षणाची पत्रिका आपण आणतो. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश किती ते लिहिलेले असते. ती पत्रिका भिंतीला चिकटवून पीक येत नाही. खत द्यावे लागते, डवरणी करावी लागते, निगा राखावी लागते. मेंदूच्या फोटोचे तसेच आहे. इजा कुठे झाली, साधारण केव्हा झाली असावी, दुसरा एखादा आजार तर नाही ना, हे कळायला त्याची मोठी मदत होते. पुढची मेहनत आपल्यालाच करावी लागते.

शिवाय फोटो आणि मूल यांचा मेळ दर वेळी बसत नाही. साधारण दर दहांतल्या एका मुलाला हा आजार असूनही साधा एमआरआय निर्दोष दिसतो. फोटोत मोठी जखम असूनही एखादे मूल बऱ्यापैकी चालते. म्हणून आजाराचे निदान डॉक्टर मुलाला हाताळून आणि त्याच्या हालचाली पाहून करतात. फोटो त्याला जोड म्हणून असतो. डीटीआय तर मोठ्या केंद्रांत आणि संशोधनातच जास्त वापरतात. ते आपल्या मुलाचे झाले नाही म्हणून काही बुडाले असे समजू नका.

चालण्याचा अंदाज फोटोपेक्षा मुलाकडे पाहून बरा बांधता येतो. दोन वर्षांचे होईपर्यंत जे मूल आधाराशिवाय बसू लागते, ते बहुधा पुढे काठीने, कुबड्यांनी किंवा आपल्या पायांनी चालते. ज्याला तोवर तसे बसता येत नाही त्याची वाट अधिक कठीण असते, पण बंद झालेली नसते.

वाफसा साधा

आपल्याला वाफसा कळतो. काळ्या रानात तो हुकला की तिफण चालत नाही. मेंदू जमिनीपेक्षा दयाळू आहे, तो मोठेपणीही शिकतो. पण पहिल्या दोन वर्षांत तो जितका झपाट्याने घडतो तितका पुढे घडत नाही. म्हणून एमआरआयचा नंबर लांबचा लागला, पैसे जमले नाहीत, यंत्र बंद आहे, अशा कारणांनी व्यायाम थांबवू नका. डॉक्टरांना शंका आली त्या दिवसापासून व्यायाम सुरू करता येतो.

पुढील खुणांकडे घरातल्या सगळ्यांनी लक्ष ठेवावे. चार महिन्यांचे होऊनही बाळ मान धरत नाही. त्या वयातही मुठी सतत वळलेल्या आणि अंगठा आत. लंगोट बदलताना पाय ताठ, मांड्या उघडत नाहीत. नऊ महिन्यांचे झाले तरी आधाराशिवाय बसत नाही. वर्षाच्या आतच एकच हात वापरते. शेवटची खूण लोक कौतुकाने सांगतात, "आमचा बाळ आत्तापासूनच डावरा." एवढ्या लहान वयात एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्या हाताला काय झाले ते तपासून घ्या. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना जितके आठवडे आधी जन्मले तितके वजा करा.

"मुलगे उशिराच चालतात, आजोबाही उशिरा चालले होते," असे म्हणून वर्ष दवडू नका.

फोटोला जाताना

बाळाची टाळू उघडी असेतोवर तिच्यातून सोनोग्राफीने मेंदू पाहता येतो. काचेच्या पेटीतल्या बाळाची अशी तपासणी पेटीजवळच करतात. तिने मोठ्या गोष्टी कळतात, बारीक मार्ग दिसत नाहीत.

एमआरआयला मात्र मूल निपचित पडावे लागते. अगदी तान्ह्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून झोपेतच फोटो काढता येतो. मोठ्या मुलाला झोपेचे औषध देतात. किती तास उपाशी ठेवायचे ते दवाखान्यात सांगतात, ते काटेकोर पाळा. "रडते म्हणून दोन घोट दूध दिले," असे करू नका. गुंगीत उलटी होऊन ती श्वासात गेली तर जिवावर बेतते. यंत्राचा आवाज मोठा असतो, म्हणून कानाला झाकण देतात.

चुंबक जबर असते, म्हणून अंगावर कसलाही धातू नको. पायातले वाळे, कमरेचा करदोटा, मनगट्या, गळ्यातला ताईत, झबल्याची पिन, सारे घरीच काढून ठेवा. बरोबर जाणाऱ्या आईनेही जोडवी, पैंजण, मंगळसूत्र यांविषयी आधीच विचारून घ्यावे. दोन वर्षांच्या आत काढलेल्या फोटोत काही बारीक गोष्टी उमटत नाहीत, कारण तंतूंवरचे वेष्टन पुरे झालेले नसते. त्यामुळे डॉक्टरांनी पुढे पुन्हा फोटो सांगितला तर पहिला वाया गेला असे समजू नका.

आणखी एक. बाळंतपणाचे कार्ड, बाळाच्या वजनाची नोंद, पेटीतून सुटीचा कागद हे सातबाऱ्यासारखे जपून ठेवा. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

एक एकर आणि नव्या पेशी

त्या इंजेक्शनांविषयी स्पष्ट सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली स्टेम सेलविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. रक्ताशी निगडित काही ठरावीक आजार सोडले तर मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर असे उपचार करणे त्यांना मंजूर नाही. सेरेब्रल पाल्सी त्या मंजूर आजारांत येत नाही. आणि मान्यताप्राप्त संशोधनात रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तेव्हा फोटोतला काळा डाग दाखवून कोणी लाखाचा आकडा सांगू लागला तर उठून या. जमीन विकू नका. मुलाला पुढे त्याच जमिनीचा आधार लागणार आहे.

पैसा खर्चायचाच तर तो व्यायाम शिकायला जाण्यायेण्यावर, पायाच्या पट्ट्यांवर आणि बसायच्या खुर्चीवर खर्च करा. थेरपिस्टनी माप दिले तर कोपऱ्याची खुर्ची आणि उभे राहण्याची चौकट आपल्या गावचा सुतारही करून देतो.

जायचे कुठे?

पहिली पायरी गावातच आहे. आशाताई आणि अंगणवाडीताई यांना सांगा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलांची तपासणी करायला येते. पथकाची वाट पाहायची नसेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा वाशिमच्या जिल्हा रुग्णालयात जा. वाशिमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. त्याहून पुढची गरज लागली तर अकोला किंवा नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत चिठ्ठी घेऊन जाता येते.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. अपंगत्वाचे प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि दिव्यांगांचे ओळखपत्र काढून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत अशा मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा मिळतो आणि व्यायामोपचारही त्यात धरलेले आहेत.

एका मुलीची गोष्ट

मुंबईच्या मिठू अलूर यांची मुलगी मालिनी हिचा जन्म १९६६ सालचा. जन्मताना प्राणवायू कमी पडला आणि तिला सेरेब्रल पाल्सी झाली. त्या काळी एमआरआय यंत्र नव्हतेच. मेंदूतला कोणता मार्ग शाबूत आहे आणि कोणता तुटला, हे कोणालाच दाखवता आले नसते. पण मुलीला सगळे समजते हे आईला दिसत होते. मिठूताईंनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. अशा मुलांना शिक्षण आणि उपचार एकाच जागी मिळावेत, हा हेतू. आज ती अडॅप्ट या नावाने ओळखली जाते. मालिनी चिब मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, लंडनला जाऊन पुढे शिकल्या. एका बोटाने अक्षरे दाबत त्यांनी आपल्या आयुष्यावर पुस्तक लिहिले. त्याचे नावच 'वन लिटल फिंगर', म्हणजे एक छोटे बोट.

मालिनीताई सरसर चालू लागल्या, असे या गोष्टीत नाही. चाकाच्या खुर्चीतून त्यांनी जग पाहिले. सर्वांना मुंबईसारखी सोय मिळत नाही, हेही खरे. पण मूल चालले नाही म्हणजे सगळे संपले, हा आपला समज किती चुकीचा आहे ते त्यांच्याकडे पाहून कळते.

पुन्हा त्या ओसरीवर

आठ दिवसांनी मी त्या गावी पुन्हा गेलो आणि हे सगळे सांगितले. सौदा मोडला. पुढे शासकीय रुग्णालयात मुलाचा साधा एमआरआय झाला. पोकळ्यांभोवती जुने व्रण दिसले, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत दिसतात तसेच. डॉक्टर समजूतदार होते. त्यांनी म्हातारीलाही आत बोलावले, पडद्यावर तो भाग दाखवला आणि सांगितले, "आजी, बाळ लवकर जन्मलं, तेव्हाचं हे आहे. यात सुनेचा काही दोष नाही."

घरी परतताना म्हातारी एस. टी.त काही बोलली नाही, असे तरुणाने मला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने नातवाला आपल्या पुढ्यात घेतले आणि सुनेला म्हणाली, "माय, तुले दाखवलं तसं मलेही दाखव, पाय कसे ताणाचे ते."

सोयाबीनच्या सोंगणीच्या वेळी मी त्या वाटेने गेलो. सुताराने केलेल्या चौकटीत मुलगा अंगणात उभा होता, तळवे उघड्या मातीवर टेकलेले. पुढ्यात शेंगांचा ढीग होता आणि तो एकेक शेंग आजीकडे टाकत होता. आपल्या पायांनी तो चालेल का, हे मला आजही सांगता येत नाही. त्याच्या डॉक्टरांनीही तसा शब्द दिलेला नाही. पण आता तो हात न टेकता बसतो, आणि नाल्याकडच्या एकरात या वर्षी तूर उभी आहे.

मंडळी, आपल्या आळीत एखादे मूल उशिरा बसत असेल, त्याचे पाय ताठ होत असतील, तर हा लेख त्या घरी नेऊन द्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. त्या आईला आधी सांगा की यात तुझी चूक नाही, आणि मग मुलाला तपासायला घेऊन जा. एवढे झाले तरी हे लिहिल्याचे चीज झाले असे मी समजेन.